पचनमार्गाच्या दुर्बीण-तपासणीतील डिजिटल प्रतिमासंवर्धन : तत्त्वे, उपयोग व मर्यादा

प्रस्तावना :

अन्ननलिका, जठर व मोठे आतडे या अवयवांच्या कर्करोगाचा आरंभ बहुतांशी त्यांच्या आतील ओलसर अस्तरातून, म्हणजेच श्लेष्मल आवरणातून होतो. आरंभीच्या अवस्थेत हा बदल अवघ्या काही मिलिमीटरचा असतो. त्याला उंचवटा असेलच असे नाही; कित्येकदा सभोवतालच्या भागापेक्षा किंचित लालसर किंवा किंचित फिकट असा एक डाग एवढेच त्याचे स्वरूप असते. या टप्प्यावर तो दिसला तर दुर्बिणीतून आत सोडलेल्या उपकरणांनीच तो काढून टाकता येतो, पोट उघडावे लागत नाही. तो नजरेतून निसटला तर पुढील निदान होईपर्यंत रोग स्नायूंच्या थरात व लसिकाग्रंथींत पोहोचलेला असू शकतो. म्हणजे रुग्णाच्या दृष्टीने सारा प्रश्न 'दिसले की नाही' या एका गोष्टीवर येऊन ठेपतो. पडद्यावर उमटणाऱ्या चित्रातील हा क्षीण फरक डोळ्यांना जाणवेल इतका ठळक करणे, हे प्रतिमासंवर्धनाचे कार्य होय.

या विषयाकडे केवळ वैद्यकाचा विषय म्हणून पाहणे अपुरे ठरेल. प्रकाशाचे शोषण हा भौतिकशास्त्राचा, हिमोग्लोबिन हा जीवरसायनाचा, चित्रावरील संस्करण हे गणिताचे व संगणकशास्त्राचे, तर 'खरेच अधिक दिसले काय' हे ठरविणे संख्याशास्त्राचे क्षेत्र आहे. प्रस्तुत लेखात या तंत्रांमागील तत्त्वे विशद केली असून त्यांच्या उपयुक्ततेबाबत आजवर उपलब्ध झालेल्या पुराव्याचा विचार केला आहे.

दुर्बिणीपासून डिजिटल प्रतिमेपर्यंत :

जिवंत माणसाच्या जठरात डोकावण्याचा प्रयत्न जर्मन वैद्य अडोल्फ कुसमाउल यांनी १८६८ मध्ये केला. त्यांची नळी ताठ असल्याने तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या इसमावरच हा प्रयोग शक्य झाला, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १९३२ मध्ये रुडोल्फ शिंडलर यांनी काही अंशी वाकणारी जठरदुर्बीण प्रचारात आणली. मात्र प्रकाशाला खऱ्या अर्थाने वळण घेता आले ते काचतंतूंमुळे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये हॅरोल्ड हॉपकिन्स व पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेता येते हे १९५४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकातून दाखवून दिले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, १९५७ मध्ये, बॅझिल हर्शोविट्झ यांनी अमेरिकेत काचतंतूंची लवचीक जठरदुर्बीण वापरून दाखविली.

या दुर्बिणीतून पाहणारा डोळा एकच असे. प्रतिमा प्रकाशरूपातच राहत असल्यामुळे तिच्यावर गणिती संस्करण करण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या प्रकाशसंवेदी चकतीचा शोध लावला (या शोधासाठी त्यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले), आणि १९८३ मध्ये ही चकती दुर्बिणीच्या टोकावर बसविलेली पहिली व्हिडिओ-दुर्बीण वेल्च ॲलन या अमेरिकन कंपनीने आणली. त्या क्षणापासून आतड्याचे चित्र हे प्रकाश न राहता विद्युत्-संकेत झाले, व पुढे संख्या झाले.

प्रतिमेची संख्यात्मक बाजू :

१९२० बाय १०८० या मापाच्या एका चित्रचौकटीत २०,७३,६०० चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा व निळा अशा तीन संख्या आणि प्रत्येक संख्या ० ते २५५ या मर्यादेत, असे धरल्यास एका चौकटीत ६२ लाखांहून अधिक संख्या भरतात. सेकंदाला ३० चौकटी या वेगाने हा ओघ सुमारे १८ कोटी ६६ लाख संख्यांचा होतो. जे काही गणित करावयाचे ते एका चौकटीच्या वाट्याला येणाऱ्या ३३ मिलिसेकंदांत उरकावे लागते. कारण हाताने दुर्बीण हलविणाऱ्या डॉक्टरांना चित्र मागे पडून चालत नाही. प्रयोगशाळेत सुंदर फळ देणाऱ्या कित्येक पद्धती तपासणी-कक्षात येऊ शकल्या नाहीत त्याचे एक कारण हे आहे.

सर्वांत साधे संवर्धन म्हणजे छटांचे ताणणे. समजा, अस्तराच्या एका भागातील सर्व बिंदूंची हिरवी मूल्ये ९० ते १३० या अरुंद पट्ट्यात दाटली आहेत. प्रत्येक मूल्यातून ९० वजा करून येणाऱ्या संख्येला ४० ने भागले व २५५ ने गुणले, तर हा पट्टा संपूर्ण ० ते २५५ पर्यंत पसरतो. मूळ चित्रात १०० व १०४ असे शेजारी असलेले दोन बिंदू डोळ्यांना एकसारखेच वाटतात. ताणल्यानंतर त्यांची मूल्ये अनुक्रमे सुमारे ६४ व ८९ होतात आणि त्यांतील फरक सहज जाणवतो. तथापि येथे एक गोष्ट दृष्टीआड होता कामा नये. प्रकाशसंवेदी चकतीच्या मूल्यांत नेहमीच काही अवांतर चढउतार, म्हणजे नॉईज, मिसळलेला असतो. तो मुळात दोन एककांचा असेल तर ताणल्यानंतर जवळजवळ तेरा एककांचा होतो. खरा फरक व खोटा फरक यांचे परस्पर प्रमाण पूर्वी होते तेवढेच राहते. ताणण्याने माहिती वाढत नाही. असलेली माहिती डोळ्यांच्या आवाक्यात येते, आणि तिच्यासोबत नसलेलीही येते. या क्षेत्रातील पुढील सर्व तंत्रांना हे बंधन कमीअधिक प्रमाणात लागू आहे.

आतड्याच्या चित्रात आणखी एक अडचण असते. प्रकाशाचा उगम दुर्बिणीच्या टोकावरच असल्याने जवळची घडी लख्ख उजळते आणि दूरचा पोकळ भाग काळोखात राहतो. संपूर्ण चित्राचा एकच आयतालेख काढून छटांचे समान वाटप केले तर एकाच वेळी दोन्ही भागांना न्याय मिळत नाही. यासाठी चित्राचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकाचा आयतालेख स्वतंत्रपणे समतोल करण्याची पद्धत निघाली. तिच्यातही, ज्या चौकोनात काहीच नाही तेथे निव्वळ नॉईज फुगून वर येतो. म्हणून वाढीवर कमाल मर्यादा घालण्याची सुधारणा करण्यात आली. ओल्या अस्तरावरून थेट परावर्तित होणारे चमकते ठिपके मात्र कोणत्याही गणिताला दाद देत नाहीत. तेथील मूल्य आधीच २५५ वर जाऊन थबकलेले असते आणि त्याखालील अस्तराची माहिती नोंदलीच गेलेली नसते.

कडा तीक्ष्ण करण्याची रीत छायाचित्रणातून आलेली आहे. एका ओळीतील बिंदूंची मूल्ये १२०, १२०, १२०, १००, १००, १०० अशी आहेत असे मानू. प्रत्येक बिंदूची आपल्या दोन शेजाऱ्यांसह सरासरी काढली तर मधल्या दोन बिंदूंची मूल्ये सुमारे ११३ व १०७ येतात. म्हणजे कड पुसट होते. मूळ मूल्य व ही सरासरी यांतील फरक पुन्हा मूळ मूल्यात मिळविला की ओळ १२०, १२०, १२७, ९३, १००, १०० अशी बनते. वीस एककांची पायरी चौतीस एककांची झाली. ग्रंथींची तोंडे, बारीक खाचा, रक्तवाहिन्यांच्या कडा उठून दिसू लागल्या. पण १२७ व ९३ ही मूल्ये मूळ ऊतीत कोठेच नव्हती, हेही तितकेच खरे. कडेच्या दोन्ही बाजूंस उमटणारी ही कृत्रिम उजळ व काळी रेघ अनुभवी डोळा ओळखतो, नवशिका तिला रोगाची सीमा समजू शकतो. दुर्बिणीच्या संचात कडा तीक्ष्ण करण्याचे अनेक स्तर दिलेले असतात व सर्वांत वरचा स्तर क्वचितच सर्वांत उपयुक्त असतो, त्याचे कारण यात आहे.

रंगातील रक्त :

पचनमार्गाच्या अस्तराचा रंग हा मुख्यत्वे रक्ताचा, म्हणजे हिमोग्लोबिनचा रंग आहे. दाह झालेल्या जागी रक्तपुरवठा वाढतो, अस्तर पातळ झाले की खालच्या वाहिन्या दिसू लागतात, अर्बुदाच्या वाढीबरोबर नव्या केशवाहिन्या फुटतात. यावरून हिमोग्लोबिन-निर्देशांकाची कल्पना पुढे आली. लाल मूल्याला हिरव्या मूल्याने भागावे, त्या भागाकाराचा दोन या पायावरील लॉगरिदम घ्यावा व ३२ ने गुणावे. लाल १८० व हिरवे ९० असल्यास निर्देशांक ३२ येतो; हिरवे ६० पर्यंत उतरल्यास तो सुमारे ५१ होतो. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश पुष्कळ व लाल प्रकाश फारच थोडा शोषून घेत असल्याने रक्त वाढले की हिरवे मूल्य घटते. या सूत्राचा खरा गुण भागाकारात आहे. दुर्बीण जवळ नेल्याने दोन्ही मूल्ये दुप्पट झाली तरी गुणोत्तर बदलत नाही. अंतरामुळे पडणारा प्रकाशाचा फरक बाजूला पडतो आणि रक्ताचा फरक उरतो. ज्या बिंदूंचा निर्देशांक चित्राच्या सरासरीहून अधिक त्यांना आणखी लाल व ज्यांचा कमी त्यांना आणखी फिकट करावयाचे, अशी सोय ऑलिंपस कंपनीने आपल्या संचात केली.

प्रकाशातच बदल :

आतापर्यंतच्या पद्धतींत प्रकाश तोच ठेवून संख्यांवर काम होते. १९९९ च्या सुमारास ऑलिंपसचे अभियंते काझुहिरो गोनो आणि जपानच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील डॉक्टर यांनी वेगळा मार्ग धरला व ऊतीवर पडणारा प्रकाशच बदलला. यातून नॅरो बँड इमेजिंग, संक्षेपाने एनबीआय, हे तंत्र साकार झाले. २००५-०६ च्या सुमारास ते बाजारात आले.

त्याचे भौतिकशास्त्र मोठे देखणे आहे. हिमोग्लोबिनच्या शोषणाचा सर्वांत उंच शिखरबिंदू ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीजवळ असून ५४० नॅनोमीटरजवळ आणखी एक शिखर आहे. निळा प्रकाश ऊतीत फार खोल जात नाही. प्रकीर्णनामुळे तो वरच्या पाव मिलिमीटरच्या आतूनच माघारी फिरतो. हिरवा प्रकाश त्याहून थोडा खोल जातो. सर्वसाधारण श्वेतप्रकाशातील निळा घटक रुंद पट्ट्याचा असतो. त्यातील ज्या तरंगलांबी हिमोग्लोबिन शोषत नाही त्या परत येऊन केशवाहिनीची छाया पुसून टाकतात. ४०० ते ४३० व ५३० ते ५५० नॅनोमीटर एवढेच दोन पट्टे सोडणारी गाळणी दिव्यापुढे आली की ही भेसळ थांबते.

त्यानंतर रंगांची वाटणी येते. ४१५ नॅनोमीटरची प्रतिमा पडद्याच्या निळ्या व हिरव्या अशा दोन मार्गांना देतात, तर ५४० ची लाल मार्गाला. पृष्ठभागावरील केशवाहिनी ४१५ चा प्रकाश गिळते. तेथे निळा व हिरवा दोन्ही मंद होतात आणि वाहिनी तपकिरी दिसते. खोलातील शीर ५४० चा प्रकाश गिळते. तेथे लाल मंद होतो आणि ती निळसर-हिरवी दिसते. एकाच सपाट चित्रात खोलीची कल्पना रंगावरून येते. असा रंग जिवंत ऊतीत कोठेही नसतो, हे लक्षात ठेवावे लागते. नकाशातील उंचीचे रंग जसे जमिनीचे नसतात, त्यातलाच हा प्रकार. याच कारणास्तव या तंत्रात पित्त व राहिलेला मळ लालसर, रक्तासारखा भासतो; पहिल्यांदा पाहणारा दचकतो.

एनबीआयच्या आधी हे काम रंगद्रव्य फवारून होत असे, आणि अनेक ठिकाणी आजही होते. इंडिगो कार्मिनचा निळा द्राव खाचांत साठतो व पृष्ठभागाची नक्षी दाखवितो. जपानचे शिन-एई कुदो यांनी मोठ्या आतड्यातील गाठींच्या ग्रंथिमुखांचे वर्गीकरण याच आधारे केले. अन्ननलिकेसाठी ल्युगॉलचे आयोडीन वापरतात. निरोगी पेशींतील ग्लायकोजेनमुळे त्या गडद तपकिरी होतात, रोगग्रस्त भाग बिनरंगाचा राहतो. ही चाचणी संवेदनशील असली तरी आयोडीनमुळे छातीत जळजळ व वेदना होतात, वेळही लागतो. बटण दाबताच बदलणारा व पुन्हा दाबताच पूर्ववत होणारा प्रकाश डॉक्टरांना का रुचला असावा, हे सांगण्याची गरज नाही.

गणिताने घडविलेला वर्णपट :

फुजिनॉन कंपनीने गाळणी न वापरता हेच साध्य करण्याचा प्रयत्न केला. चिबा विद्यापीठातील योइची मियाके यांच्या संशोधनावर आधारलेल्या 'फाइस' या तंत्रात प्रकाश श्वेतच राहतो. तीन रंगांच्या मूल्यांवरून प्रत्येक बिंदूचा संपूर्ण परावर्तन-वर्णपट गणिताने अनुमानित केला जातो व त्यातून हव्या त्या तीन तरंगलांबी निवडून चित्र पुन्हा रचले जाते. येथे गणिताच्या अध्यापकास स्वाभाविकच शंका येईल की तीन संख्यांवरून साठ संख्या कशा काढणार? सर्वसाधारण परिस्थितीत त्या काढता येत नाहीत. परंतु आतड्याचे अस्तर म्हणजे कोणतीही वस्तू नव्हे. त्याचे वर्णपट मोजक्याच घटकांनी ठरत असल्याने ते एकमेकांशी घट्ट निगडित असतात. पूर्वी मोजलेल्या वर्णपटांच्या आधारे हे अनुमान बऱ्यापैकी जमते. मात्र ते अनुमानच होय. जी माहिती रुंद पट्ट्याच्या निळ्या प्रकाशात आधीच मिसळून गेली ती गणिताने पूर्णतः वेगळी होत नाही, आणि या ठिकाणी खऱ्या अरुंद पट्ट्याचे पारडे जड राहते. पुढे फुजिफिल्मनेच लेझर-प्रकाश वापरणारे संच आणले, यावरून त्या कंपनीचेही मत कोणीकडे झुकले ते दिसते.

पेंटॅक्सचे आय-स्कॅन हे पृष्ठभाग, छटाभेद व रंगछटा अशा तीन पातळ्यांवर काम करणारे संस्करण आहे. फुजिफिल्मच्या 'लिंक्ड कलर इमेजिंग' या तंत्राची दिशा त्याहून निराळी आहे. अस्तराच्या सर्वसाधारण रंगाच्या आसपासचे सूक्ष्म फरक ते दूर दूर पसरविते. लालसर ते अधिक लाल होते, पांढुरके ते अधिक पांढरे, आणि तरीही चित्राचा एकंदर रंग ओळखीचा राहतो. ऑलिंपसने २०२० मध्ये आणलेल्या संचातील 'टेक्श्चर अँड कलर एन्हान्समेंट इमेजिंग' ही पद्धत चित्राचे दोन थर करते. एका थरात प्रकाशाची संथ चढउतार, दुसऱ्यात पोताचे बारकावे. पहिल्यातील अंधार उजळून व दुसऱ्यातील बारकावे ठळक करून दोन्ही पुन्हा एकत्र आणले जातात. वस्तूचा स्वतःचा रंग व तिच्यावर पडलेला प्रकाश यांना वेगळे करण्याची ही कल्पना पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांच्या रेटिनेक्स सिद्धान्ताशी नाते सांगते.

पुरावा काय सांगतो :

ठळक दिसणे व अधिक रोग सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अन्ननलिकेच्या बाबतीत पुरावा निःसंदिग्ध म्हणावा असा आहे. मानाबू मुतो व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुकेंद्रीय चाचणीत अन्ननलिकेचा स्क्वॅमस कर्करोग असलेले ३२० रुग्ण होते. उथळ कर्करोग ओळखण्याचे प्रमाण श्वेतप्रकाशात सुमारे ५५ टक्के, तर एनबीआयमध्ये ९७ टक्के आढळले. घसा व त्यालगतच्या भागात तर ८ टक्क्यांच्या तुलनेत १०० टक्के. भारताच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल विशेष आहे. आपल्याकडे अन्ननलिकेच्या कर्करोगात स्क्वॅमस प्रकारच प्रामुख्याने आढळतो, आणि तंबाखूमुळे मुखाचा वा घशाचा कर्करोग झालेल्या रुग्णाच्या अन्ननलिकेतही दुसरा कर्करोग उद्भवण्याचा धोका असतो. अशा रुग्णाची अन्ननलिका केवळ श्वेतप्रकाशात पाहून 'निर्दोष' असा शेरा देणे, सोय उपलब्ध असताना, समर्थनीय ठरत नाही.

मोठ्या आतड्याचे चित्र इतके सरळ नाही. तेथे अॅडेनोमा या प्रकारच्या गाठी शोधण्यासाठी एनबीआय वापरून २००७ ते २००९ च्या दरम्यान झालेल्या काही चाचण्यांत श्वेतप्रकाशाच्या तुलनेत लक्षणीय फायदा दिसून आला नाही. कारण साधे होते. अरुंद पट्ट्यात दिव्याचा बहुतेक प्रकाश अडविला जातो, अन्ननलिकेच्या चिंचोळ्या नळीत उरलेला प्रकाश पुरतो, आतड्याच्या रुंद पोकळीत तो पुरत नाही. पुढच्या पिढीचे संच अधिक उजळ झाले. २०१९ मध्ये ११ चाचण्यांतील रुग्णनिहाय माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात अॅडेनोमा सापडण्याचे प्रमाण श्वेतप्रकाशात ४२.३ टक्के, तर एनबीआयमध्ये ४५.२ टक्के आले. हा लाभ मुख्यतः उजळ संच व उत्तम स्वच्छ झालेले आतडे असतानाच दिसून आला. आदल्या दिवशीचे रेचक रुग्णाने नीट घेतले की नाही, यापुढे प्रकाशशास्त्राचे काही चालत नाही.

जठर व वरच्या पचनमार्गाबाबत जपानमधील १९ रुग्णालयांतील १,५०२ रुग्णांवर झालेली व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी उल्लेखनीय आहे. पचनमार्गाचा कर्करोग झालेल्या वा पूर्वी होऊन गेलेल्या रुग्णांत प्रथम श्वेतप्रकाशाने पाहिले असता ४.८ टक्के, तर प्रथम लिंक्ड कलर इमेजिंगने पाहिले असता ८ टक्के रुग्णांत अर्बुदे आढळली. येथे लाभ रंगाच्या सूक्ष्म भेदातून आलेला आहे.

शोधण्याच्या पुढचा प्रश्न ओळखण्याचा. सापडलेली गाठ निरुपद्रवी की पुढे कर्करोगाकडे वळणारी, हे केवळ पाहून सांगता आले तर पाच मिलिमीटरपर्यंतच्या असंख्य गाठी प्रयोगशाळेत पाठविण्याचा खर्च वाचेल, असा विचार पुढे आला. अमेरिकन सोसायटी फॉर गॅस्ट्रोइंटेस्टायनल एन्डोस्कोपी या संस्थेने २०११ मध्ये त्यासाठी उंबरठा ठरविला. मलाशय व त्यालगतच्या आतड्यातील अशी लहान गाठ 'अॅडेनोमा नाही' म्हणून जागेवरच सोडावयाची असेल तर असे शंभर शेरे दिले असता किमान नव्वद बरोबर यावयास हवेत. तज्ज्ञ केंद्रांतून हा उंबरठा ओलांडला गेल्याचे वृत्तान्त आले. इंग्लंडमधील सर्वसाधारण रुग्णालयांत घेतलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र अचूकता अपुरी पडली आणि ही रीत नित्य व्यवहारात आणण्याची शिफारस संशोधकांनी केली नाही. दोन्ही ठिकाणी चित्र तसेच होते, ते वाचणारी नजर वेगवेगळी होती. संवर्धित प्रतिमा म्हणजे एक नवी लिपी असून ती शिकावी लागते, ही बाब संच विकत घेणाऱ्या संस्थांच्या अंदाजपत्रकात सहसा आढळत नाही.

मूल्यमापनाचा घोळ :

अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या विभागांतून या विषयावर पुष्कळ प्रकल्प व शोधनिबंध होत असतात. त्यांतील अनेकांमध्ये नव्या संवर्धन-पद्धतीची गुणवत्ता 'पीएसएनआर' या मापाने दाखविली जाते. हे माप मूळ प्रतिमा व संस्कारित प्रतिमा यांतील वर्गित फरकाच्या सरासरीवर अवलंबून असते. फरक जितका कमी तितके माप मोठे. दाबून साठविलेले चित्र मुळाशी किती प्रामाणिक राहिले हे पाहण्यासाठी ते योग्यच आहे. परंतु संवर्धनाचा हेतूच प्रतिमा बदलणे हा असतो. या मापाने काहीही न करणारी पद्धत सर्वश्रेष्ठ ठरते. दुसरे आवडते माप एन्ट्रॉपीचे. चित्रात यादृच्छिक नॉईज मिसळला की एन्ट्रॉपी वाढते, म्हणून तेही एकटे विश्वासार्ह नाही. याउलट रोगग्रस्त भाग व त्याच्या शेजारचा निरोगी भाग यांतील रंगभेद १९७६ च्या सीआयई-लॅब रंगपद्धतीत मोजला, तर डोळ्याला जाणवणाऱ्या फरकाशी त्याचे काही नाते असते. तरीही अंतिम कसोटी चित्राची नसून निदानाची आहे. कोणत्या प्रतिमा संस्कारित आहेत व कोणत्या रोगाच्या आहेत हे ठाऊक नसलेल्या अनेक डॉक्टरांना त्या दाखवून किती रोग सापडले व किती खोटे इशारे दिले गेले, हे मोजण्यास पर्याय नाही.

अभ्यासासाठी खुल्या असलेल्या प्रतिमासंग्रहांमुळे हे काम लहान महाविद्यालयांच्याही आवाक्यात आले आहे. नॉर्वेतील 'क्वासिर' संग्रह २०१७ मध्ये खुला झाला. २०२० च्या 'हायपरक्वासिर' या त्याच्या विस्तारात १,१०,०७९ प्रतिमा व ३७४ चित्रफिती आहेत. ही सामग्री वापरताना एक सावधगिरी आवश्यक ठरते. अशा संग्रहांतील प्रतिमा म्हणजे चकतीवर उमटलेली कोरी मूल्ये नव्हेत. दुर्बिणीच्या प्रक्रियायंत्राने रंगाचा समतोल, उजेडाची वक्ररेषा व कडांची तीक्ष्णता यांवर आधीच हात फिरविलेला असतो. त्यानंतर साठवणुकीसाठी त्या जेपीईजी पद्धतीने दाबलेल्या असतात. अशा प्रतिमेवर पुन्हा कडा तीक्ष्ण केल्या की आठ बाय आठ बिंदूंच्या दाबणीच्या चौकटी वर येतात आणि त्या अस्तराच्या नक्षीसारख्या भासू शकतात. पूर्वी उल्लेखिलेला हिमोग्लोबिन-निर्देशांकही अशा प्रतिमेवरून काढला तर त्याला तोच अर्थ राहत नाही, कारण वक्ररेषेतून गेलेल्या मूल्यांचे गुणोत्तर मूळ प्रकाशाच्या गुणोत्तराइतके नसते.

गाठी आपोआप दाखविणाऱ्या संगणकीय साहाय्यकांच्या प्रसारानंतर हा मुद्दा अधिक निकडीचा झाला आहे. असा एक साहाय्यक अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये प्रथम मान्य केला. एका प्रकाशात व एका कंपनीच्या रंगांत शिकलेली प्रणाली दुसऱ्या मोडमधील चित्रासमोर तेवढीच भरवशाची राहील, असे गृहीत धरता येत नाही. माणसाच्या डोळ्यासाठी केलेले संवर्धन यंत्राला उपकारक होईलच असे नाही. तीक्ष्ण केलेली कड माणसाला मदत करते, तीच कड यंत्राला, त्याने शिकताना ती पाहिली नसल्यास, परकी वाटते.

आज दुर्बिणीच्या मुठीवरील एका बटणाने चार-पाच मोड क्षणार्धात बदलता येतात, आणि एकाच जागेची चार छायाचित्रे चार वेगळ्या जागांची वाटावीत इतकी भिन्न असू शकतात. सहा महिन्यांनी त्याच रुग्णाची पुन्हा तपासणी होते तेव्हा आधीच्या अहवालातील छायाचित्राशी तुलना करावयाची असते. डाग खरोखर लाल झाला की तो केवळ वेगळ्या मोडमध्ये टिपला गेला, हे त्या छायाचित्राशेजारी संचाचे नाव, मोड व तीक्ष्णतेचा स्तर नोंदलेला असेल, आणि त्याच जागेची श्वेतप्रकाशातील एक प्रतही जपलेली असेल, तरच सांगता येते.